उडी न मारणारा जीव आणि कडवूरचं काटेरी रान: एका अभयारण्याचं प्रकरण

१२ ऑक्टोबर २०२२ ला तमिळनाडू सरकारने कडवूर लोरिस अभयारण्य जाहीर केलं. करूर आणि दिंडिगल या दोन जिल्ह्यांत मिळून ११,८०६ हेक्टर, आणि फक्त लोरिस या रात्री झाडांवर फिरणाऱ्या छोट्या प्राण्यासाठी असं भारतातलं हे पहिलंच अभयारण्य. बातमी आली तेव्हा फोटो खूप फिरले, मोठ्ठे गोल डोळे, काडीएवढे हातपाय, "किती क्यूट" वगैरे, आणि दोन दिवसांत विषय संपला. मला मात्र फोटोपेक्षा नकाशा जास्त महत्त्वाचा वाटला. कारण अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं त्यातलं इथे काही नाही, घनदाट झाडी नाही, वाघ नाही, सफारीच्या जिप्सी नाहीत. आहे ते कोरडं, खडकाळ, काटेरी झुडपांचं रान, जिथून गाडीने जाताना कोणी खिडकीची काच खाली करणार नाही. मग याच रानात पाव किलोच्या एका जीवासाठी एवढा खटाटोप का? उत्तर त्या प्राण्याच्या शरीरात आहे, म्हणून आधी शरीरच नीट बघू, रान आणि सरकारी कागद नंतर.

आधी प्राणी

तमिळमध्ये याला तेवांगु म्हणतात. आपण लोरिसच म्हणू, त्यातला हा सडपातळ राखाडी लोरिस, जो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. कडवूरच्या बाजूला जी उपजात आहे ती कोरड्या रानात राहणारी, आणि पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलात राहणारी दुसरी आहे, ती थोडी लहान आणि तांबूस. डोक्यापासून बुडापर्यंत लांबी साधारण वीतभर, शेपूट नसल्यातच जमा, वजन अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास. माकड नव्हे, पण प्रायमेट, म्हणजे माकडं, वानर आणि आपण ज्या मोठ्या घराण्यात येतो त्याच घराण्यातली जुनी शाखा. मादागास्करचे लेमूर आणि आफ्रिकेतले बुशबेबी हे याचे जवळचे नातेवाईक.

आता बुशबेबी आणि लोरिस शेजारी ठेवून बघा, म्हणजे मुद्दा लगेच कळतो. बुशबेबीही लहान, रात्रीचा, किडे खाणारा, पण तो उड्या मारून जगतो. त्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा खूप लांब, घोट्याची हाडं ताणल्यासारखी लांबट, आणि तोल सांभाळायला लांब शेपूट. लोरिसचं सगळं उलटं. पुढचे आणि मागचे पाय जवळपास सारख्याच लांबीचे, दोन्ही बारीक, शेपूट नाही, आणि तो उडी मारत नाही. भूक लागली, शत्रू आला, समोरची फांदी हातभर लांब राहिली, तरी नाही. याच्या शरीरात उडीसाठी लागणारं काहीच नाही, आणि जे आहे ते सगळं एकाच कामासाठी आहे, फांदी न सोडण्यासाठी.

हात बघा. दुसरं बोट, आपण ज्याला तर्जनी म्हणतो ते, अगदी आखूड झालंय, त्यामुळे अंगठा एका बाजूला आणि उरलेली बोटं दुसऱ्या बाजूला, मध्ये मोठी फट, इलेक्ट्रिशियनच्या पकडीसारखी. पायाचा अंगठा तर जवळजवळ मागे वळलेला. मनगट, घोटा, खुबा हे सांधे इतके सैल फिरतात की पाय कुठल्याही दिशेला टाकता येतो. पाठीच्या कण्यात छाती ते कंबर या भागात माकडांपेक्षा जास्त मणके आहेत म्हणून धड लांब आणि वळणारं. अशा शरीराने तो काय करतो, तर मागच्या दोन पायांनी एक फांदी धरून ठेवायची, अंग ताणून पुढे न्यायचं, पुढच्या हातांनी पलीकडची फांदी पकडायची, ती पक्की हातात आली की मगच मागचे पाय सोडायचे. म्हणजे दोन झाडांमधला पूल तो स्वतःच होतो. या पुलाची लांबी किती, तर त्याच्या शरीराएवढी, त्याहून एक बोट जास्त नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण यावरच उभं आहे.

आणि ही पकड तो तासन्‌तास धरून ठेवू शकतो. हातापायांत जाणारी रक्तवाहिनी एकाची अनेक होते, बारीक बारीक वाहिन्यांचा गुच्छ, धमन्या आणि शिरा एकमेकींना चिकटून. स्नायू बराच वेळ आवळून ठेवले तरी थकू नयेत यासाठी ही रचना उपयोगी पडते असं मानलं जातं. दिवसा झोपतो तेव्हाही तो फांदी धरूनच झोपतो. घरटं नाही, ढोली नाही, काटेरी गुंत्यात गोळा होऊन, बहुतेकदा दोन-चार जण एकमेकांना बिलगून.

चेहऱ्याचं म्हणाल तर डोळे पुढे बघणारे आणि एवढे मोठे की दोन खोबणींच्या मध्ये हाडाचा पातळ पडदा तेवढा उरतो. डोळ्याच्या मागे चमकणारा थर असतो, आत आलेला उजेड तो परत फिरवतो आणि कमी उजेडातही दिसतं. याच थरामुळे टॉर्च मारला की डोळे निखाऱ्यासारखे लाल-केशरी चमकतात, आणि लोरिस मोजायची मुख्य पद्धत तीच आहे, रात्री हेडलॅम्पवर लाल फिल्टर लावायचा, ठरलेल्या वाटेने हळू चालायचं आणि चमकणारे डोळे मोजायचे. नाक ओलं, वास पक्का. खालचे पुढचे दात आडवे पडून कंगवा झालेले, अंग विंचरायला. पायाच्या दुसऱ्या बोटाला तेवढी नखी, बाकी सगळ्या बोटांना आपल्यासारखी सपाट नखं, ती नखीही खाजवायला आणि केस साफ करायला.

खाणं जवळपास पूर्ण मांसाहारी. त्यातही मोठा वाटा मुंग्या, वाळवी असल्या बारीक किड्यांचा, ज्यातले बरेच चावणारे, घाणेरड्या वासाचे, दुसरे प्राणी टाळतात असे. मागच्या पायांवर उलटं लटकून दोन्ही हातांनी किडा धरतो. असला झोंबणारा किडा खाल्ल्यावर हातापायांना स्वतःचं मूत्र चोळतो, ते का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कोणी म्हणतं आग कमी होते, कोणी म्हणतं वासाची खूण म्हणून, कोणी म्हणतं पकड सुधारते. आणखी एक गैरसमज इथेच मोडायला हवा. लोरिस म्हणजे सुस्त असं नाही. मंद लोरिस हा वेगळा प्राणी, तो आपल्या ईशान्य भारतात आणि पुढे आग्नेय आशियात. सडपातळ लोरिस गरज पडली की फांदीवरून चांगला भराभर पळतो. फक्त फांदी हवी.

रान कसलं आहे

कडवूर म्हणजे डोंगरांनी गोल वेढलेलं खोरं आणि त्याच्या आजूबाजूचे कोरडे डोंगर. पाऊस कमी. अभयारण्यात वेडसंदूर, दिंडिगल पूर्व, नत्तम आणि कडवूर या तालुक्यांतली राखीव जंगलं घेतली आहेत. झाडं म्हणजे हिवर आणि बाभळीच्या जातीतली बाकीची काटेरी झाडं, तीनधारी निवडुंग, मध्येच वेडी बाभूळ. आणि जंगल संपतं तिथून शेतं सुरू होतात, शेताच्या बांधावर चिंच, कडुनिंब, ताड आणि काटेरी कुंपण.

आपण ज्याला चांगलं जंगल म्हणतो, सरळ उंच बुंधे, खाली मोकळी जमीन, ते लोरिसच्या फारसं कामाचं नाही. जाड बुंधा त्याच्या मुठीत मावत नाही. त्याला हव्यात बोटाएवढ्या फांद्या, एकीत एक अडकलेल्या, कमी उंचीवर, आणि त्यावर किडे. काटेरी झुडपांचं रान त्याला हेच देतं. एका झुडपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पाय न सोडता रात्रभर फिरता येतं, आणि काट्यांमुळे दिवसा झोपायला जागा सुरक्षित. ज्या रानातून माणसाला शर्ट फाडून घेतल्याशिवाय जाता येत नाही तेच रान या प्राण्याला सगळ्यात सोपं. म्हणून हे उरलंसुरलं, खराब झालेलं जंगल आहे असं समजून त्याच्याकडे बघणं मुळातच चूक आहे.

महाराष्ट्रात आपण हेच माळरानाच्या बाबतीत केलंय. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावा नाहीतर एमआयडीसी आणा, असा विचार वर्षानुवर्षं चालला. नान्नजला माळढोकसाठी आणि रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्यं झाली तेव्हा त्या माळांना थोडी किंमत आली, तीही तेवढ्याच तुकड्यांना. कडवूरचं काटवन त्याच रांगेतलं. सरकारी नोंदीत झुडपी जमीन बऱ्याचदा पडीक जमिनीच्या रकान्यात जाते, आणि एकदा तो शिक्का बसला की दगडखाण, सोलर प्लांट, निलगिरीची लागवड, काहीही तिथे चालतं.

इथे लोरिस आहेत हे कळलं कसं

गावातल्या लोकांना कायमच माहीत होतं. अभ्यास म्हणून मात्र १९९० च्या दशकात सुरुवात झाली, म्हैसूर विद्यापीठाच्या मेवा सिंग यांच्या टीमने दक्षिणेत लोरिसचे सर्व्हे केले आणि दिंडिगलच्या अय्यलूर भागात लोरिस चांगल्या संख्येने आहेत हे समोर आलं. १९९७ च्या सुमारास सिंधू राधाकृष्ण आणि ॲना नेकारिस या दोघींनी याच भागात रात्र रात्र जागून लोरिसच्या मागे फिरून त्यांचं वागणं नोंदवलं. आज या प्राण्याबद्दल आपण जे ठामपणे बोलतो त्यातलं बरंचसं या कामातून आलंय. त्याआधी पुस्तकांमध्ये लोरिस म्हणजे एकलकोंडा प्राणी असं असायचं. प्रत्यक्षात एका मादीसोबत पिल्लं आणि एकापेक्षा जास्त नरही एका जागी झोपतात असं दिसलं. मादीचा वावर साधारण दीड हेक्टरचा, नराचा साडेतीन हेक्टरच्या आसपास.

पिल्लांची गोष्ट मला विशेष वाटते कारण तिथेही तेच शरीर आणि तीच फांदी. मादी साडेपाच महिने गाभण असते, एक किंवा दोन पिल्लं होतात. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून. नंतर संध्याकाळी आई त्याला एका फांदीवर ठेवते आणि चरायला जाते, पिल्लू तिथेच फांदी धरून बसतं, आणि पहाटे ती परत येऊन घेऊन जाते. मधल्या वेळात नर येऊन पिल्लाजवळ बसतात, अंग चाटतात, हेही नोंदवलंय. आता विचार करा, त्या एका रात्रीत मधली दोन झाडं कोणी तोडली तर आईचा परतीचा रस्ताच गेला. तिला जमिनीवर उतरून यावं लागणार.

अडचण कुठे आहे

जमिनीवर लोरिस उतरतो, उतरतच नाही असं नाही. पण तिथे तो कोणाच्याही तावडीत सापडू शकतो, मांजर, कुत्रा, घुबड. आणि धोका वाटला की त्याची पहिली प्रतिक्रिया पळण्याची नसते, थिजून जाण्याची असते. झाडावर, अंधारात, घुबडापासून वाचायला ही सवय लाख मोलाची. ट्रकच्या हेडलाइटसमोर हीच सवय जीव घेते. तिरुची-दिंडिगल हायवे अय्यलूरवरूनच जातो, आणि या बाजूचे आतले रस्तेही आता रुंद आणि गुळगुळीत झालेत. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची चिंच-कडुनिंबाची झाडं गेली की वरून एकमेकांना भेटणाऱ्या फांद्या जातात, आणि जिथे पूर्वी प्राणी डोक्यावरून जात होता तिथे तो डांबरावरून जातो.

विजेच्या तारांचंही तसंच. पलीकडचं हातात आल्याशिवाय अलीकडचं सोडायचं नाही ही त्याची चालण्याची पद्धत, आणि दोन तारांच्या बाबतीत नेमकं तेच करायचं नसतं. एका तारेवरून दुसरीवर जाताना दोन्ही एकाच वेळी धरल्या की संपलं. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आणि शहरातल्या अजून काही झाडीत लोरिस टिकून आहेत, २०१४ पासून तिथे लोकांना सोबत घेऊन सर्व्हेही झाले, आणि तिथेही प्रश्न हाच, झाडी आहे पण तुकड्या-तुकड्यांत, मध्ये रस्ते आणि तारा.

मग माणसाच्या डोक्यातले प्रकार. डोळे मोठे म्हणून डोळ्यांच्या आजारावर औषध, करणी करायला, रस्त्यावर भविष्य सांगायला, पाळायला. करणीत तर ज्याचं वाईट करायचं त्याच्या नावाने लोरिसला इजा करतात. लिहितानाही त्रास होतो. वन्यजीव कायद्यात हा प्राणी अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, पकडणं, बाळगणं, विकणं सगळा गंभीर गुन्हा. कोणी विकायला आणला तर दया येऊन विकत घेऊ नका, त्याने पुढच्या पकडीचा खर्च निघतो, सरळ वन विभागाला फोन करा.

अभयारण्याने काय झालं आणि काय राहिलं

प्राण्याला संरक्षण आधीपासून होतं, जागेला राखीव जंगलापुरतं होतं. अभयारण्य झाल्यामुळे जो फरक पडला तो असा, की आता ही जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जावं लागतं, आणि वन विभागाला या रानाचा व्यवस्थापन आराखडा लोरिस समोर ठेवून करावा लागतो. काटेरी झुडपी रानाला लोरिसच्या नावाने हा दर्जा मिळणं ही खूप मोठी गोष्ट आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांनी, अभ्यासकांनी, गावातल्या लोकांनी हे लावून धरलं त्यांचं मनापासून कौतुक. सरकारने तेव्हा असंही सांगितलं की लोरिस पिकांवरचे किडे खातो म्हणून शेतकऱ्याचा मित्र. हे खरं आहेच, पण फक्त या एका कारणावर त्याला जगवायची वेळ येऊ नये असं मला वाटतं.

राहिलं काय, तर बांध. अभयारण्याची हद्द राखीव जंगलाबरोबर संपते, लोरिसची संपत नाही. शेताच्या कडेचं काटेरी कुंपण, बांधावरची चिंच, गावाच्या पाणंदीची झाडी, या सगळ्यावरून तो एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जातो, आणि ही जमीन लोकांच्या मालकीची. शेतकऱ्याने झुडपी कुंपण काढून सिमेंटचे खांब आणि तार लावली तर त्यात बेकायदेशीर काही नाही, गुरं येतात, त्याला पीक वाचवायचंय. पण लोरिसच्या हिशोबाने एक आख्खा रस्ता बंद झाला. नकाशात क्षेत्र तेवढंच दिसतं, हेक्टर कमी होत नाहीत, आणि तरी रान तुटतं. म्हणून या प्राण्याचं रान हेक्टरमध्ये मोजून उपयोग नाही, ते सलगपणात मोजायला हवं, आणि वन विभागाच्या आराखड्यात कुंपणाची आणि बांधावरच्या झाडीची लांबी किती उरली याची दरवर्षी नोंद व्हावी असं माझं ठाम मत आहे.

वेडी बाभळीचा पेच वेगळाच. ही बाहेरून आलेली, पाणी खाणारी, सगळीकडे पसरणारी, तमिळनाडूत ती काढायची मोहीम जोरात आहे आणि त्यामागची कारणं बरोबर आहेत. पण जिथे मूळची झाडी आधीच गेलीय तिथे दोन डोंगरांच्या मध्ये तीच तेवढी उरलेली असेल, आणि जेसीबीने एका दिवसात सगळी काढली तर लोरिसला धरायला काहीच राहत नाही. हिवर, खैर, निवडुंग आधी लावून वाढू द्यावं आणि मग पट्ट्या-पट्ट्याने वेडी बाभूळ काढावी. वेळ लागेल, पण या प्राण्याला मधली दोन वर्षं बिनफांदीची काढता येत नाहीत.

आणि तोवर काय, तर पश्चिम जावातलं एक उदाहरण आहे. तिथे चिपागंती गावात नेकारिस यांच्याच टीमने जावाच्या मंद लोरिससाठी शेतांच्या वरून, झाडाला झाड जोडत पूल टांगले. काही नुसते दोरासारखे, आणि काही चक्क पाण्याचे पाइप, ज्यातून शेतकऱ्याला पाणी मिळतं आणि वरून लोरिस जातो. लोरिस ते वापरायला लागले, आणि पाइपात शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा असल्यामुळे तो तोडून टाकायचं कारणच उरलं नाही. कडवूरच्या बाजूलाही विहिरीपासून शेतापर्यंत पाइप जातातच, जमिनीवरून किंवा जमिनीखालून. त्यातले काही झाडाझाडांना बांधून वरून नेले, जाडी लोरिसच्या मुठीत बसेल एवढी ठेवली किंवा पाइपाला सोबत एक दोर गुंडाळला, आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवले, तर खर्च फार येणार नाही. अय्यलूर भागातल्या बांधांवर आधी दोन-तीन ठिकाणी करून बघावं, लाल फिल्टरचे हेडलॅम्प घेऊन रात्री मोजणी करणारी पोरं तिथल्याच गावांतली घ्यावीत.